भूल आणि कुळाची आठवण

मराठीतला 'भूल' हा शब्द मोठा अर्थसमृद्ध आहे. चूक, विस्मरण, मोह आणि शस्त्रक्रियेपूर्वी औषधाने आणलेली बेशुद्धी, असे चारही अर्थ त्यात नांदतात. इंग्रजीत या शास्त्राला जे ग्रीक वळणाचे नाव आहे, त्याचा अर्थ केवळ 'संवेदनेचा अभाव' एवढाच होतो. आपल्या शब्दात मात्र आठवण हरपण्याची छटा आहे. भूलशास्त्राचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास वाचताना ही छटा पुनःपुन्हा जाणवते. कारण ज्या माणसांना एखादे औषध सोसत नाही, त्यांचे प्राण केवळ औषधाच्या ज्ञानाने वाचलेले नाहीत. कुणाला तरी काहीतरी आठवत होते, म्हणूनही ते वाचले आहेत. ही आठवण बहुधा कुळाची असते, आणि आपल्या देशात कुळाची आठवण म्हटली की जातीचा विषय अटळ ठरतो. प्रस्तुत लेखात या अवघड जागेचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न आहे.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये ईथरच्या वाफेखाली जाहीर शस्त्रक्रिया झाली आणि पुढल्याच वर्षी, नोव्हेंबर १८४७ मध्ये, एडिंबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणला. क्लोरोफॉर्म वापरायला सोपा, वासाला गोड, हातरुमालावर काही थेंब शिंपडले की काम होई. पण २८ जानेवारी १८४८ रोजी न्यूकॅसलजवळच्या एका गावात हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म देताच काही मिनिटांत मरण पावली. ती आधीपासूनच भेदरलेली होती, अशी नोंद आहे. धडधाकट माणूस किरकोळ शस्त्रक्रियेत असा क्षणार्धात का जावा, या प्रश्नाने पुढची साठ वर्षे वैद्यकविश्वाला सतावले. लंडनच्या परंपरेत वाढलेले डॉक्टर म्हणत की धोका हृदयाला आहे, नाडीवर लक्ष ठेवा. एडिंबरोचे डॉक्टर म्हणत की नाडीकडे पाहूच नका, श्वास सांभाळला की सर्व काही सांभाळले. दोन्ही पक्षांत एक गोष्ट समान होती: औषधाचा नियम सर्व माणसांना सारखाच लागू पडतो, असे दोघेही धरून चालले होते.

या वादाचा निवाडा करण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न लंडनमध्ये झाला नाही आणि एडिंबरोतही नाही. तो झाला निजामाच्या हैदराबादेत. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या परंपरेतले. क्लोरोफॉर्मने हृदय थेट बंद पडत नाही, श्वास आधी थांबतो, हे सिद्ध करण्याचा त्यांचा निर्धार होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पाठबळाने १८८८ साली पहिले 'हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन' बसले. त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या नियतकालिकाने मानले नाहीत, तेव्हा निजामाने एक हजार पौंड देऊ करून लंडनहून तज्ज्ञ बोलावला. त्याप्रमाणे १८८९ साली लॉडर ब्रंटन हैदराबादेस आले आणि दुसरे कमिशन झाले. शेकडो कुत्र्यांवर व माकडांवर प्रयोग झाले. या कामात साहाय्य करणाऱ्यांत रूपाबाई फर्दूनजी ही पारशी विद्यार्थिनी होती. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत आज तिची गणना होते. कमिशनने लॉरींच्या बाजूने कौल दिला.

तो कौल चुकीचा होता. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवले की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना रक्तात अ‍ॅड्रिनलिन वाढले तर हृदयाची लय बिघडून ते एकाएकी थांबू शकते. अ‍ॅड्रिनलिन हे भीतीच्या वेळी शरीरातच स्रवणारे द्रव्य. म्हणजे धोका एकट्या औषधात नव्हता. औषध आणि भेदरलेला देह यांच्या भेटीत होता. हॅना ग्रीनरच्या मृत्यूवर तेव्हा कुठे वेगळा प्रकाश पडला. शेकडो प्राण्यांवर प्रयोग करूनही हैदराबादेत जे निसटले, ते हेच: औषध कोणाच्या देहात शिरते आहे, हा प्रश्न.

इथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. ज्या राज्याच्या तिजोरीतून हे प्रयोग झाले, त्या निजामी राज्यात आपला मराठवाडाही होता. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे त्या राज्याचा मराठी भाग. तेलंगणाच्या सीमेलगतच्या मराठवाड्यातील बाजारपेठांत कोमटी समाजाची दुकाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. हा समाज स्वतःस आर्य वैश्य म्हणवतो, आणि त्याचा विस्तार आंध्र, तेलंगण, कर्नाटक, तमिळनाडू व महाराष्ट्र असा आहे. औषधाचा एकच नियम सर्वांना लागू नसतो, याचा एक ठळक पुरावा या समाजातील काही माणसांच्या रक्तात होता. मात्र तो उघडकीस आणणारे औषध भूलतज्ज्ञांच्या हाती यायला अजून साठ वर्षे अवकाश होता.

ते औषध म्हणजे सक्सामिथोनियम. १९०६ साली रीड हंट यांनी ते प्राण्यांवर तपासले होते. पण त्यांनी प्राण्यांचे स्नायू आधीच दुसऱ्या औषधाने लुळे केलेले असल्यामुळे या औषधाचा खरा गुण त्यांना दिसलाच नाही. तो १९४९ साली डॅनियल बोव्हे यांच्या अभ्यासातून पुढे आला आणि १९५१ पासून युरोपात त्याचा रुग्णांवर वापर सुरू झाला. गुण असा, की शिरेतून दिल्यावर मिनिटाभरात शरीराचे सर्व स्नायू सैल पडतात. त्या वेळी भूलतज्ज्ञ श्वासनलिकेत नळी घालतो. पाच-दहा मिनिटांत औषध ओसरते आणि रुग्ण स्वतः श्वास घेऊ लागतो. पोट रिकामे नसलेला अपघातग्रस्त किंवा तातडीच्या सिझेरियनसाठी आणलेली स्त्री यांच्या बाबतीत हा वेग जीव वाचवणारा ठरतो. म्हणून सत्तर वर्षांनंतरही हे औषध मोडीत निघालेले नाही.

ते इतक्या लवकर ओसरते, याचे श्रेय औषधाला नाही. यकृतात तयार होऊन रक्तद्रवात फिरणारे एक विकर त्याचे तुकडे करते. या विकराला स्यूडोकोलिनएस्टरेज किंवा ब्यूटिरिलकोलिनएस्टरेज म्हणतात. टोचलेल्या औषधाचा बराचसा भाग स्नायूंपर्यंत पोहोचण्याआधीच ते फस्त करते. हे विकर ज्याच्या रक्तात नाही किंवा सदोष आहे, त्याच्या शरीरात तेच औषध पाच मिनिटांऐवजी काही तास ठाण मांडून बसते. एरवी त्या माणसाला काहीही त्रास नसतो. तो जेवतो-खातो, कष्ट करतो, म्हातारा होतो. आपल्यात काही उणे आहे हे त्याला कळण्याचे कारणच नसते. ही अ‍ॅलर्जीही नव्हे. अंगावर पित्त उठत नाही, घसा सुजत नाही. शस्त्रक्रियेच्या मेजावर तेवढे हे गुपित उघड होते.

१९५२ पासून अशा रुग्णांचे वृत्तांत प्रसिद्ध होऊ लागले. हा दोष कुटुंबात चालत येतो हे हर्मन लेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. १९५७ साली टोरांटोच्या वेर्नर कालो यांनी डायब्युकेन या औषधाचा उपयोग करून एक साधी चाचणी बसवली. सर्वसाधारण विकराचे काम डायब्युकेनमुळे सुमारे ऐंशी टक्के रोखले जाते, सदोष विकराचे सुमारे वीसच टक्के. आणि आई-बापांपैकी एकाकडूनच दोष आलेला असेल तर आकडा साठच्या आसपास येतो. तीन आकडे, तीन प्रकारची माणसे. मेंडेलच्या वाटाण्यांची आठवण व्हावी इतके हे नेटके होते. १९५९ साली फ्रीडरिख फोगेल यांनी अशा अभ्यासाला 'फार्माकोजेनेटिक्स' हे नाव दिले. मराठीत त्याला औषध-आनुवंशिकी म्हणता येईल. १९६२ साली लेमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक प्रकार नोंदवला. त्यात विकर सदोष नव्हते, तर त्याचे कार्य जवळजवळ शून्य होते. या जनुकाला त्यांनी 'मूक' असे विशेषण दिले.

ही केवळ प्रयोगशाळेतली मौज नव्हे. शस्त्रक्रिया आटोपली, झोपेचे औषध उतरले, आणि स्नायू मात्र अजून लुळे आहेत, अशा अवस्थेतील रुग्णाची कल्पना करावी. त्याला सारे ऐकू येते, कळते. पण डोळा उघडता येत नाही, बोट हलवता येत नाही, श्वास घेता येत नाही. भोवतालची माणसे म्हणत असतात, 'अजून शुद्धीवर येत नाही.' वास्तविक तो शुद्धीवर असतो. भूलतज्ज्ञाला कारणाचा संशय आला तर उपाय अवघड नाही: यंत्राने श्वास चालू ठेवावा, झोपेचे औषध सुरू ठेवावे, घाई करू नये. काही तासांत औषध आपोआप ओसरते आणि रुग्ण सुखरूप उठतो. संशय आला नाही, किंवा कृत्रिम श्वासाची सोय तितका वेळ पुरली नाही, तर मात्र अनर्थ ओढवतो. आधीच माहीत असेल तर प्रश्नच उद्भवत नाही. रोक्युरोनियमसारखी, या विकरावर अवलंबून नसलेली औषधे वापरता येतात. फरक केवळ आधी कळण्याचा आहे.

मूक जनुकाचा दोष आई आणि बाप अशा दोन्ही बाजूंनी आलेली माणसे युरोप-अमेरिकेत अत्यंत दुर्मीळ, लाखात एखादे. भारतात मात्र वेगळेच चित्र दिसले. आंध्रातील वैश्य समाजात या जनुकाचे प्रमाण फार मोठे आहे, असे १९७९ साली 'ह्यूमन जेनेटिक्स' या नियतकालिकात राव आणि गोपालम यांनी नोंदवले. पुढे कोइमतूरच्या भारतियार विद्यापीठातील इंदुमती मनोहरन, आर. बूपती आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी तेथील वैश्य समाजाचा अभ्यास करून २००६ साली दोषाचे नेमके स्थान सांगितले. विकराच्या साखळीत ३०७ व्या जागी ल्युसीनऐवजी प्रोलीन हे अमिनो आम्ल आले आहे. एवढ्या एका बदलाने सारे विकर निकामी होते. त्यांच्या पाहणीत विकरहीन माणसांचे प्रमाण चोविसात एक असे निघाले. हा आकडा एका परिसरातला आहे, सर्व प्रांतांतील समाजाला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी लाखात एक आणि चोविसात एक यांतले अंतर डोळे दिपवणारे आहे.

हे अंतर कसे पडले, याचे उत्तर जीवशास्त्रात अर्धे आणि समाजाच्या इतिहासात अर्धे आहे. एखादा समूह थोड्या पूर्वजांपासून वाढतो आणि पुढे अनेक पिढ्या आपापसांतच सोयरिक करतो, तेव्हा त्या थोड्या पूर्वजांपैकी एकात असलेला दुर्मीळ बदल पुढे सर्वत्र पसरतो. डेव्हिड राइश यांनी २०१८ सालच्या आपल्या ग्रंथात वैश्य समाजाचे उदाहरण मुद्दाम दिले आहे. त्यांच्या अनुमानानुसार हा समाज दोन ते तीन हजार वर्षांपूर्वी अशा थोड्या पूर्वजांच्या अरुंद वाटेतून आला आणि तेव्हापासून बाहेरचे रक्त त्यात फारसे मिसळलेले नाही.

मराठी वाचकाला इथे ९ मे १९१६ या दिवसाची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्या दिवशी कोलंबिया विद्यापीठातील एका चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. रोटीबंदी, धंदा, सोवळेओवळे ही जातीची बाह्य लक्षणे आहेत. तिचा गाभा जातीअंतर्गत विवाह हाच आहे, असा त्या निबंधाचा मुख्य सिद्धान्त. त्या वेळी सक्सामिथोनियम रुग्णाला देण्याचे कुणाच्या मनातही नव्हते. पण समाजशास्त्रात मांडलेल्या त्या सिद्धान्ताचा एक भौतिक ठसा पुढे रक्ताच्या थेंबात सापडला. जात ही वर्तनाची रूढी खरी. मात्र रूढी पुरेशी जुनी झाली की देहही तिची नोंद ठेवतो. याचा अर्थ जात नैसर्गिक आहे असा नव्हे. उलट, माणसांनी घातलेल्या कुंपणामुळेच ही उणीव आत कोंडून दाट झाली, असा आहे.

मुंबईला हा विषय नवा नाही. टाटा स्मारक रुग्णालयाचे विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर आणि त्यांचे सहकारी एल. डी. संघवी यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतील सहा अंतर्विवाही समूहांच्या सात आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास केला होता. १९५२ साली केईएम रुग्णालयातील वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगट जगासमोर आणला. १९६०च्या दशकारंभी संघवींच्याच गटाने मुंबईतील पारशी समाजात जी-सिक्स-पीडी या विकराच्या कमतरतेचे मोठे प्रमाण नोंदवले. ही कमतरता असलेल्या माणसाला प्रायमाक्विनसारख्या हिवतापाच्या गोळीने रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो. मिथिलीन ब्लू या शस्त्रक्रियागृहात कधीकधी लागणाऱ्या निळ्या औषधानेही तोच धोका संभवतो. जोगेश्वरीच्या मालकम बागेतील रुग्णाला ही माहिती जितकी मोलाची, तितकीच नांदेडहून मुलाकडे मुलुंडला राहायला आलेल्या आजोबांना विकराची माहिती मोलाची.

मग भूलतज्ज्ञाने रुग्णाला सरळ जातच विचारावी काय? प्रश्न वरवर व्यावहारिक आहे. पण त्यामागे दीडशे वर्षांचा संशय उभा आहे. वसाहतकाळात रिस्लीसारख्या अधिकाऱ्यांनी नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड लावली. रुग्णालयात जात विचारली गेल्यामुळे अपमान सोसलेल्या माणसांच्या हकिगती आपल्या दलित आत्मकथनांच्या वाचकांना सांगायला नकोत. शास्त्राच्या नावाने विचारलेला प्रश्न शास्त्रासाठीच वापरला जाईल, याची हमी आपल्या समाजाने कधी दिलेली नाही. शिवाय हा प्रश्न अपुराही आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरसारख्या उपनगरांत आडनावावरून काही ओळखावे हे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे. आंतरजातीय विवाह होतात, आडनावे बदलतात. सदोष विकर तर सर्वच समाजांत थोड्याफार प्रमाणात आढळते. कालोंचे रुग्ण काही वैश्य नव्हते. जातीवर विसंबणारा डॉक्टर एका समाजातील निरोगी माणसांना नाहक भिववील आणि दुसऱ्या समाजातील धोक्याच्या माणसाला निर्धास्त सोडील. उलट, जातीचा उल्लेखच टाळायचा म्हणून ज्या समाजात हे प्रमाण मोठे आहे त्याला अंधारात ठेवणे, हाही न्याय नव्हे. ही माहिती त्या समाजाच्या मालकीची आहे. ती त्याच्यापर्यंत आदराने पोहोचली पाहिजे.

या पेचातून वाट दाखवणारी एक हकिगत ऑस्ट्रेलियातली आहे. १९६० साली मेलबर्नच्या एका रुग्णालयात पाय मोडलेला एकवीस वर्षांचा विद्यार्थी आला. त्याला मोडलेल्या पायापेक्षा भुलेची धास्ती अधिक होती, कारण त्याचे दहा नातेवाईक ईथरच्या भुलेखाली मरण पावले होते. डॉक्टरांनी ती कौटुंबिक भीती हसण्यावारी नेली नाही. ईथर टाळून हॅलोथेन हे नवे औषध सावधपणे दिले. तरीही त्याचे अंग तापू लागले, तेव्हा लगेच भूल थांबवून त्याला वाचवले. डेनबरो आणि लोव्हेल यांनी 'लॅन्सेट'ला लिहिलेल्या छोट्या पत्रातून एक आनुवंशिक विकार जगाला कळला. भूलशास्त्रात आज त्याला 'मॅलिग्नंट हायपरथर्मिया' म्हणतात. तो विद्यार्थी कोणत्या वंशाचा, हे कुणी विचारले नव्हते. त्याच्या घरात मृत्यूंची आठवण जपली गेली होती, आणि ती ऐकून घेणारा माणूस समोर होता, एवढेच.

म्हणजे विचारण्याजोगा प्रश्न जातीचा नसून घराण्याचा आहे. आणि तो नीट मराठीत विचारला पाहिजे. 'कशाची अ‍ॅलर्जी आहे का?' या छापील प्रश्नाला विकरहीन माणूस प्रामाणिकपणे 'नाही' असेच उत्तर देईल. 'तुमच्या घरात, आईकडच्या किंवा वडिलांकडच्या नात्यात, ऑपरेशननंतर कुणाला शुद्धीवर यायला फार वेळ लागला होता का? कुणाला मशीनवर ठेवावे लागले होते का? भुलेत कुणी दगावले होते का?' असे विचारले तर एखादी विसरलेली आत्या, एखादा चुलत मामा आठवतो. पथ्य-अपथ्याच्या, व्रतवैकल्यांच्या, कुळधर्मांच्या बारीकसारीक आठवणी आपण पिढ्यान्‌पिढ्या जपतो. पण भुलेच्या आठवणी मात्र 'वाचला एकदाचा' या सुटकेच्या निःश्वासात विरून जातात. घरातल्या कुणाला असा अनुभव आला असेल तर तो डॉक्टरांकडून लिहून घ्यावा, ते टिपण जपून ठेवावे आणि भावंडांनी व मुलांनी रक्तातील विकराची साधी तपासणी करून घ्यावी. ती तपासणी जातीचा दाखला मागत नाही.

ही आठवण सांगायला आणि ऐकायला वेळ लागतो. लहान रुग्णालयांत अनेकदा बाहेरून येणारा भूलतज्ज्ञ रुग्णाला शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी प्रथम भेटतो. त्या घाईत नातेवाइकांच्या हकिगती फापटपसारा वाटतात. पण हैदराबादेत शेकडो प्राण्यांवर प्रयोग करूनही जे हाती लागले नव्हते, ते मेलबर्नमध्ये एका विद्यार्थ्याचे बोलणे ऐकून घेतल्याने लागले. औषधाचा नियम पुस्तकात मिळतो; अपवाद मात्र माणसाकडे, त्याच्या घरच्या गोष्टीत असतो. ती गोष्ट सांगणे हे रुग्णाचे काम आहे आणि ती पुरी होईपर्यंत थांबणे हे डॉक्टरांचे.